सोडून देण्याचा अभ्यास

"मॅडम, येत होतं सगळं, पण वेळच पुरला नाही." सीईटी देऊन आलेल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. मुलं खोटं बोलत नसतात. घरी जाऊन तोच प्रश्न शांतपणे सोडवला की उत्तर बरोबर येतं आणि मग हळहळ जास्तच होते. पण या वाक्यात वेळेला दोष दिलेला असतो, आणि मला ते पटत नाही. वेळ सगळ्यांना सारखाच मिळतो. कुठल्या प्रश्नाला तो द्यायचा आणि कुठल्याला नाही, हे ठरवायला आपण मुलांना शिकवलेलंच नसतं.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. कुणाला पुण्याचं सीओईपी हवं असतं, कुणाला माटुंग्याचं व्हीजेटीआय, कुणाला नांदेडचं किंवा सांगलीचं कॉलेज. या सगळ्यांच्या वाटेवर एमएचटी-सीईटी आहे, आणि त्यात गणिताचं वजन भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोघांच्या एकत्रित वजनाइतकं आहे. त्या दोन विषयांचे मिळून शंभर प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. वेळ नव्वद मिनिटं. भागाकार केला तर एका प्रश्नाला १०८ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर, बाकीचे बारावीवर. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातले अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेनवर झाले होते, २०१६ पासून ते पुन्हा सीईटीवर आले, आणि २०१९ पासून परीक्षा संगणकावर गेली. एवढी माहिती प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. पण १०८ सेकंद म्हणजे नेमकं किती, हे हातांना ठाऊक नसतं.

याला बोर्डाच्या परीक्षेची सवय कारण आहे. बारावीच्या गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. तिथे आम्ही दोन वर्षं मुलांच्या मनावर ठसवतो की पायरीला गुण आहेत, सूत्र लिहा, उत्तर चुकलं तरी रीत दाखवा, पान नेटकं ठेवा. हे सगळं योग्यच आहे. गणित लिहिता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि मी तिचा आग्रह कधीच सोडणार नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचा पेपर संपतो आणि एप्रिल-मेमध्ये तीच मुलगी, तोच हात, तेच पेन घेऊन संगणकासमोर बसते. समोर इंटिग्रेशन दिसलं की ती पहिली ओळ लिहिते, सबस्टिट्यूशन करते, दुसरी ओळ लिहिते. सहा ओळींनंतर उत्तर येतं, बरोबर येतं. पण चार मिनिटं गेलेली असतात, म्हणजे आणखी एका प्रश्नाचा वेळ पूर्ण आणि तिसऱ्याचा थोडा.

एक नेहमीचं उदाहरण सांगते. शून्य ते पाय बाय टू या मर्यादांमध्ये एक डेफिनिट इंटिग्रल आहे. अंशात साइन एक्सचं वर्गमूळ, छेदात साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ. सरळ मार्गानं सोडवायला गेलं तर दमछाक होते. पण एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन होतो, छेद तसाच राहतो. दोन्ही इंटिग्रल मिळवले की वर आणि खाली एकच, म्हणून बेरीज पाय बाय टू आणि उत्तर तिच्या निम्मं, पाय बाय फोर. हे गुणधर्म म्हणून पुस्तकात आहे, बोर्डालाही विचारतात, सगळ्यांना येतं. तरी परीक्षेत निम्मी मुलं सबस्टिट्यूशनच्या वाटेनं का जातात? कारण प्रश्न वाचून संपायच्या आत हात सुरू झालेला असतो. अंश आणि छेद यांच्याकडे नुसतं बघण्यासाठी जे पाच-सात सेकंद लागतात, ते मुलांना वाया गेल्यासारखे वाटतात.

म्हणून माझ्या शनिवारच्या तासाला पहिला नियम असतो, पेन खाली. फळ्यावर वीस प्रश्न लिहिलेले किंवा प्रोजेक्टरवर दाखवलेले असतात. प्रत्येक प्रश्न दहा सेकंद दिसतो. मुलांनी सोडवायचं काहीच नाही. वहीत फक्त एक खूण करायची. लगेच होणारा असेल तर एक खूण, वाट दिसते पण लांब आहे असं वाटलं तर दुसरी, आणि काही सुचलंच नाही तर कोरी जागा. मग आपण बोलतो. तुला हा लगेच होईल असं का वाटलं? तुला का नाही? सुरुवातीला मुलांना हे फार विचित्र वाटतं. गणिताच्या तासाला गणित सोडवायचं नाही म्हणजे काय! पण चार-सहा आठवड्यांत त्यांची नजर तयार व्हायला लागते. मर्यादा उणे एक ते एक दिसली की हात थांबतो आणि फंक्शन विषम आहे का ते आधी बघितलं जातं, कारण विषम असेल तर उत्तर शून्य आणि काम संपलं. एक्स वर्ग आणि वाय वर्ग यांच्या सहगुणकांची बेरीज शून्य दिसली की रेषांची जोडी एकमेकींना लंब आहे हे कळतं, कोन काढत बसावं लागत नाही. ई चा एक्स घात आणि कंसात साइन अधिक कॉस दिसलं की एक फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह शेजारी बसलेलं ओळखू येतं, आणि उत्तर न लिहिताच समोर येतं.

ही ओळख म्हणजे पाठांतर नव्हे. ज्याला इंटिग्रेशन बाय पार्ट्स कुठून आलं हे माहीत आहे, त्यालाच ई चा एक्स घात असलेला तो नमुना ओळखू येतो. ज्यानं कुठल्याशा क्लासच्या नोट्समधून दोनशे शॉर्टकट पाठ केलेत, त्याला प्रश्न किंचित बदलला की काहीच दिसत नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत. मेहनत प्रचंड असते, वही रंगीत पेनांनी भरलेली असते, आणि कंसातलं चिन्ह बदललं की सगळं कोसळतं. शॉर्टकट मागून येतो, आधी समज लागते. या क्रमाबाबत माझ्या मनात कधीच शंका आली नाही.

पर्याय घालून बघण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण यावरून आमच्या विभागात एका ज्येष्ठ सरांशी माझा कित्येक वर्षं वाद चालला होता. सर फार चांगले शिक्षक. त्यांचं म्हणणं, "मॅडम, चार पर्यायांमधून उलटं जाऊन उत्तर शोधणं म्हणजे गणित नव्हे. पोरांना आपण चोरवाट दाखवतोय." त्यांच्या म्हणण्यातली कळकळ मला समजत होती. गणितावर प्रेम करणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण मला ते मान्य नव्हतं, आजही नाही.

समजा त्रिकोणाच्या तीन कोनांबद्दल एक राशी दिली आहे आणि ती कशाइतकी असते असं विचारलंय. चार पर्याय आहेत. मुलगा समभुज त्रिकोण घेतो, तिन्ही कोन साठ अंश. राशीची किंमत काढतो, पर्यायांच्या किमती काढतो. दोन पर्याय जुळत नाहीत, ते गेले. उरलेले दोन जुळतात, कारण समभुज त्रिकोण फारच सममित असतो. मग तो तीस, साठ, नव्वदचा त्रिकोण घेतो आणि त्यातला एक जातो. उत्तर मिळालं. आता यात चोरी कुठे आहे? प्रश्न म्हणतो की ही गोष्ट प्रत्येक त्रिकोणासाठी खरी आहे. मग ती या एका त्रिकोणासाठीही खरी असायलाच हवी. जो पर्याय एका त्रिकोणात खोटा ठरला, तो कायमचा बाद. बारावीच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिकचं आहे. 'सर्वांसाठी' या विधानाचा नकार म्हणजे 'असा एक तरी आहे की ज्यासाठी नाही', हे आपण तिथे शिकवतो, त्यावर प्रश्नही विचारले जातात. समभुज त्रिकोण घेणारा मुलगा तेच प्रकरण वापरतोय. मात्र याच्यापुढची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी आणि मी ती दरवेळी सांगते. एका त्रिकोणात जुळलं म्हणून पर्याय सिद्ध होत नाही. आपण बरोबर ठरतो ते बाकीचे तिन्ही बाद झाल्यामुळे. हा फरक ज्याला कळला, त्याला प्रतिउदाहरण म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळलं.

जॉर्ज पोल्या यांचं 'हाऊ टू सॉल्व्ह इट' हे पुस्तक १९४५ चं. प्रश्न अडला की त्याचं एखादं खास, सोपं रूप घेऊन बघा, हा सल्ला त्यात आहे. तो परीक्षेतल्या युक्तीसाठी दिलेला नाही, विचार करण्याची रीत म्हणून दिला आहे. सरांना मी ते पुस्तक वाचायला दिलं होतं. वाद मिटला असं म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः अकरावीला त्रिकोणमिती शिकवताना समभुज त्रिकोणाची पडताळणी फळ्यावर केली.

पर्याय बाद करण्याची सगळ्यात मोठी कमाई मिळते ती रेषा आणि प्रतल या प्रकरणात. (१, २, ३) या बिंदूतून जाणारं प्रतल विचारलंय, सोबत आणखी दोन अटी आहेत. त्या अटी घेऊन सदिश गुणाकार करत बसण्याआधी चारही पर्यायांत तो बिंदू घालून बघा. एका पर्यायात एक्स अधिक वाय अधिक झेड बरोबर पाच आहे. एक, दोन, तीनची बेरीज सहा होते. गेला. दुसऱ्यात दोन एक्स अधिक तीन वाय वजा झेड बरोबर पाच आहे. दोन अधिक सहा वजा तीन, पाच. राहिला. वीस सेकंदांत बहुतेकदा एक-दोन पर्याय गळतात आणि मग दुसऱ्या अटीनं निकाल लागतो. अनिश्चित इंटिग्रलचंही तसंच. इंटिग्रेट करणं अवघड, पण डेरिव्हेटिव्ह काढणं कुणालाही येतं. पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह काढा, प्रश्नातलं फंक्शन मिळतंय का बघा. डिफरन्शियल इक्वेशनलाही हाच मार्ग.

क्षेत्रफळाच्या प्रश्नात तर आकृतीचा अंदाजच पुरे होतो. वाय वर्ग बरोबर चार एक्स हा पॅराबोला आणि एक्स बरोबर एक ही रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढायचंय. हा सगळा भाग एक बाय चारच्या आयतात मावतो, म्हणजे क्षेत्रफळ चारपेक्षा कमी. पर्यायांत सोळा-तृतीयांश असेल तर तो बघताक्षणी गेला. आणि आर्किमिडीजचं जुनं सूत्र माहीत असेल, की असा पॅराबोलाचा तुकडा त्याला वेढणाऱ्या आयताच्या दोन-तृतीयांश असतो, तर उत्तर आठ-तृतीयांश हे इंटिग्रेशनशिवायच मिळतं. इंटिग्रेशनचा शोध लागायच्या कितीतरी शतकं आधी एका माणसानं हे काढलं होतं, हे सांगितलं की वर्ग काही क्षण शांत होतो. ते मला फार आवडतं. सीईटीच्या तयारीतही असे क्षण असतात, ते घाईत गमावू नयेत.

आता प्रश्न सोडण्याबद्दल. हे शिकवणं सगळ्यात कठीण, आणि ते हुशार मुलांनाच सगळ्यात जड जातं. वर्गात पहिला येणारा मुलगा प्रश्नाला हार जात नाही, म्हणूनच तो पहिला असतो. सहाव्या प्रश्नावर अडला तर तो अडूनच बसतो. सात मिनिटांनी उत्तर काढतो आणि त्याला दोन गुण मिळतात. शेवटच्या दहा प्रश्नांतले सहा अगदी सोपे होते, ते त्यानं पाहिलेच नाहीत. सीईटीत सोपे प्रश्न आधी आणि कठीण नंतर असा क्रम नसतो, आणि अवघड इंटिग्रेशनला जेवढे दोन गुण तेवढेच विधानाचा नकार ओळखायला. म्हणून पन्नासही प्रश्न एकदा तरी नजरेखालून जायलाच हवेत. मी मुलांना दोन फेऱ्या आणि शेवटची पाच मिनिटं असा हिशेब सांगते. पहिल्या फेरीत वाट लगेच दिसली तेवढेच प्रश्न, साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत. दुसऱ्या फेरीत लांबचे. शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहिलेला नाही ना, ते बघायचं. आणि प्रश्न पुन्हा बघण्यासाठी खूण करायची असेल तर त्या क्षणी जो पर्याय बरा वाटतो तो निवडूनच खूण करायची, कोरा सोडून नाही.

कोरा न सोडण्याचं कारण मी बायनोमियल डिस्ट्रिब्यूशन शिकवताना सांगते, कारण ते गणित तिथलंच आहे. समजा आठ प्रश्नांचं काहीच सुचलं नाही. चारपैकी एक पर्याय बरोबर, म्हणजे प्रत्येक वेळी बरोबर येण्याची शक्यता एक-चतुर्थांश. आठ गुणिले एक-चतुर्थांश, सरासरी दोन उत्तरं बरोबर, चार गुण. आठही चुकण्याची शक्यता तीन-चतुर्थांशचा आठवा घात, सुमारे दहा टक्के. म्हणजे नव्वद टक्के वेळा किमान एक तरी बरोबर येणारच. आणि प्रत्येक प्रश्नातले दोन पर्याय आधीच बाद केलेले असतील तर सरासरी चार बरोबर उत्तरांवर जाते. जेईईची तयारी केलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं. तिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला एक वजा, त्यामुळे कोरं सोडण्याची सवय हाडात मुरलेली असते. तीच सवय घेऊन ती सीईटीला बसतात आणि मेहनतीनं मिळवलेलं विनाकारण घालवतात.

दोन गोष्टी अशा आहेत ज्यांचा विषयाच्या ज्ञानाशी संबंध नाही, तरी गुणांशी आहे. पहिली, पडद्यावरून कागदावर उतरवणं. प्रश्न समोर उभ्या पडद्यावर, कच्चं काम खाली कागदावर. नजर वर-खाली होताना उणे चिन्ह गळतं, घात सुटतो, कधी एका प्रश्नाचे पर्याय दुसऱ्याचे म्हणून वाचले जातात. कागदी सराव करणाऱ्या मुलांना हे परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा भेटतं. आमच्या प्रयोगशाळेतले संगणक जुने आहेत, पण सरावाच्या पेपरसाठी पुरतात. मी मुलांना सांगते, प्रश्न पूर्ण उतरवू नका, फक्त लागणारे आकडे घ्या, कच्च्या कामाला प्रश्नाचा क्रमांक घाला आणि उत्तर निवडण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचा. या शेवटच्या ओळीत फार गुण अडकलेले असतात. एक्स आणि वायच्या किमती निघाल्या की मुलांना काम संपल्यासारखं वाटतं, तर विचारलेलं असतं एक्स वर्ग अधिक वाय वर्ग. आणि नुसत्या एक्सची किंमतही पर्यायांत ठेवलेली असते. प्रश्न काढणाऱ्याला मुलं कुठे थांबतात ते पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट थकव्याची. गणित सुरुवातीला येत नाही. आधी नव्वद मिनिटं भौतिक आणि रसायन, मग गणित उघडतं. रसायन लवकर संपलं म्हणून उरलेला वेळ गणिताला मिळत नाही. आमची मुलं मात्र घरी गणिताचा सराव पहाटे उठून, ताज्या डोक्यानं करतात, कारण आईवडिलांनी तसं सांगितलेलं असतं. परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून जिल्ह्याच्या केंद्रावर एसटीनं पोचलेलं, दीड तास दोन विषय सोडवलेलं डोकं गणिताला बसतं. म्हणून सराव-पेपर पूर्ण तीन तासांचा, त्याच क्रमानं, मध्ये न उठता सोडवायला हवा. नुसत्या गणिताचे दहा पेपर सोडवण्यापेक्षा असे चार पेपर जास्त उपयोगी पडतात, हे माझं ठाम मत आहे.

आणि पेपर सोडवून झाला की खरं काम सुरू होतं. मुलांना फक्त गुण मोजायचे असतात. चौसष्ट आले, अडुसष्ट आले. मी त्यांच्याकडून वहीत दोन याद्या करवून घेते. एका यादीत वेळ देऊनही चुकलेले प्रश्न, दुसऱ्या यादीत सोडून दिले पण आता दोन मिनिटांत सुटतात असे प्रश्न. बहुतेकांना पहिली यादी महत्त्वाची वाटते. मला दुसरी वाटते. पहिल्या यादीवर उपाय म्हणजे अभ्यास, तो मुलं करतातच. दुसऱ्या यादीत प्रश्न ओळखता आला नाही, हे नोंदलेलं असतं आणि त्यावर कुणी बोट ठेवल्याशिवाय मुलाला ते कळत नाही. एका मुलीच्या दुसऱ्या यादीत प्रत्येक वेळी लिनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न असायचे. प्रश्न लांबलचक, अर्धा पडदा शब्दांनी भरलेला, म्हणून ती घाबरून पुढे जायची. प्रत्यक्षात आलेख काढून कोपऱ्यांचे बिंदू तपासले की तिला ते सहज यायचं. दोन शनिवार आम्ही फक्त लांब दिसणारे सोपे प्रश्न वाचले. पुढे तिच्या यादीतून ते प्रकरण गेलं.

परीक्षेच्या दिवशी मुलांचा धीर खचतो तो एका गैरसमजामुळे. पेपर अवघड निघाला की आपलं संपलं असं त्यांना वाटतं. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. त्या सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, हे त्या आकड्यात असतं, सात दशांश स्थळांपर्यंत. तुमच्या सत्राचा पेपर अवघड असेल तर तो त्या खोलीतल्या सगळ्यांनाच अवघड आहे. तिथे पंचावन्न गुणांना जे पर्सेंटाइल मिळेल, त्यासाठी सोप्या सत्रात कदाचित सत्तर लागतील. हे जून महिन्यापासून समजावून सांगितलं, तर एप्रिलमध्ये मुलगा हातपाय गाळत नाही. कधी कधी उत्तर पर्यायांत सापडतच नाही, तेव्हाही एकदाच तपासून पुढे जायचं. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पेपरात पर्यायांमध्येच चुका निघाल्या होत्या आणि त्या सत्राच्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. असं क्वचितच होतं. पण उत्तर जुळत नाही म्हणून स्वतःवरचा विश्वास लगेच घालवायचा नसतो.

हे सगळं करायला महागडं काही लागत नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहात सुरुवातीलाच योग्य पर्याय निवडायचे प्रश्न दिलेले आहेत. बोर्डाच्या घाईत आपण ते ओलांडून थेट मोठ्या उदाहरणांकडे जातो. तेच प्रश्न घड्याळ लावून वाचायला दिले तरी पहिले दोन-तीन महिने पुरतात. ज्या घरांना लातूर-पुण्याच्या क्लासची फी परवडते, त्यांच्या मुलांना प्रश्न निवडण्याचं शिक्षण तिथे मिळतं. बाकीच्यांना ते कुठे मिळणार, तर आपल्याच वर्गात. इतकी साधी गोष्ट पैशाअभावी एखाद्या मुलापर्यंत पोचू नये, हे मला सहन होत नाही.

माझी विनंती गणित शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आहे. हे काम बोर्डाची परीक्षा संपल्यावर मार्च महिन्यात सुरू करू नका. तेव्हा फार उशीर झालेला असतो. अकरावीचं पहिलं प्रकरण संपेल त्या आठवड्यापासून शनिवारचा एक तास यासाठी वेळापत्रकात लिहून ठेवा, आणि त्या तासाची सुरुवात मुलांना पेन खाली ठेवायला सांगून करा.